सेतुकाकांचा कान

सेतुकाका,

तुमचा कान गेला नव्हता. त्या वर्षी कॅरोलच्या संध्याकाळी भरलेल्या चर्चमध्ये ऑर्गन कण्हल्यासारखा वाजला, तो माझ्यामुळे. आदल्या दिवशी सकाळी तुम्ही तो सुरात लावून चेन्नईबाहेर आवडीला, तुमच्या घरी परत गेलात आणि दुपारी मी एकटाच त्याच्या पोटात शिरलो. तुम्ही बसवलेले सूर मी हलवले. पुन्हा होते तसे केले असं मला वाटलं, पण ते तसे झाले नव्हते. चूक एवढीच होती. ती मी त्याच संध्याकाळी सांगितली असती, तर तुम्ही मला मिरजेचा गाढव म्हणाला असता आणि पुढच्या आठवड्यात आपण दोघांनी मिळून ती निस्तरली असती. मी सांगितली नाही. तुम्ही आपला कान म्हातारा झाला असं धरून चाललात, आणि तसंच धरून गेलात.

इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी तुमच्याबद्दल दोन पानं लिहायला सांगितली आहेत. तंजावरकडचं तुमचं घराणं, आवडीच्या रणगाड्यांच्या कारखान्यातली ड्राफ्ट्समनची नोकरी, हे सगळं दुसरं कोणी जास्त नीट लिहील. मला तुमच्याशीच बोलायचं आहे, कारण ज्या गोष्टी मी तुमच्याशी बोलायला हव्या होत्या त्या मी इतर सगळ्यांपासून लपवल्या, आणि तुमच्यापासून सर्वांत जास्त.

आपली भेट आठवते? ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं लग्न होतं, बंदराच्या अंगाला असलेल्या त्या जुन्या चर्चमध्ये. मी चेन्नईत, शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात नवीन होतो. बायको आणि मुलगी पुण्यात, मी पेरुंगुडीच्या फ्लॅटवर एकटा, आणि शनिवार-रविवार खायला उठायचे. लग्न लागलं, लोक जेवायला गेले, आणि मी मागेच रेंगाळलो. इतका मोठा सूर येतो कुठून ते मला बघायचं होतं. समोर सोनेरी नळ्यांची भिंत, खाली लाकडी कपाट. घरून फोन आला म्हणून मी मिरजेच्या मराठीत काहीतरी बोलत होतो, तेवढ्यात त्या कपाटाच्या कुशीतलं एक बुटकं दार उघडलं आणि आतून एक वेष्टी नेसलेला माणूस वाकून बाहेर आला. कपाळावर अंगारा-अक्षत, केसात जळमटं, हातात टॉर्च.

"महाराष्ट्रांतले कीं काय?" तुम्ही विचारलंत.

चर्चच्या ऑर्गनमधून बखरीतली मराठी बाहेर येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी हो म्हटलं, आणि उगाच ओळख वाढवायची म्हणून सांगितलं की मीही पेटी वाजवतो. तुम्ही टॉर्च बंद केलात. "पेटी म्हणजे या ऑर्गनचें दमेकरी पोर," तुम्ही म्हणालात. "सरि, आतां आलाच आहां तर बापास भेटून जावें."

त्या दिवशी तुम्ही मला जे समजावलंत ते मी अजून लोकांना तुमच्याच शब्दांत सांगतो. पेटीत पितळी पत्ती थरथरते. इथे बहुतेक कारभार वाऱ्याचा आणि नळीचा. एका सुराला एक नळी. एका तऱ्हेच्या नळ्यांची एक पलटण: बासरीसारख्यांची वेगळी, तुतारीसारख्यांची वेगळी, मोठ्या लाकडी नळ्यांची वेगळी. वाजवणाऱ्याच्या दोन्ही हातांना खुंट्या असतात, जी ओढाल ती पलटण बोलायला लागते. सगळ्यांत महत्त्वाची पलटण मधली, साध्या गळ्याची. तिच्यावरून बाकीच्या सगळ्या लावायच्या. कारखान्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, तिला तुम्ही सुभेदार म्हणायचात.

आणि बाहेरची ती सोनेरी भिंत? त्यातल्या निम्म्या नळ्या मुक्या असतात, नुसत्या शोभेच्या, हे ऐकून मला फसवल्यासारखं वाटलं होतं. तुम्हाला माझा तो चेहरा इतका आवडला की पुढे तुम्ही त्यावर कोडंच केलंत: सगळे माझ्याकडे बघतात, माझं कोणीच ऐकत नाही, तर मी कोण? कारखान्यातल्या मॅनेजरचं नाव सोडून दुसरं उत्तर आलं पाहिजे, अशी तळटीपही टाकलीत.

तुमचं ते पत्रक हा माझ्या चेन्नईतल्या वर्षांचा सर्वांत आनंदाचा भाग होता. चार पानं, इंग्रजीत, ऑर्गनच्या वेड्यांसाठी. अंकाला क्रमांक नसे. पहिल्या पानावर तुम्ही ऑर्गनचं चित्र काढायचात, ड्राफ्ट्समनच्या स्वच्छ रेषेत, आणि दर अंकाला त्यात एक नळी वाढवायचात. वाचक मूठभरच होते. निलगिरीतल्या एक निवृत्त शिक्षिका, केरळातला एक दातांचा डॉक्टर, पाँडिचेरीतल्या एक सिस्टर, ऑस्ट्रेलियाला गेलेले एक अँग्लो-इंडियन गृहस्थ. मी टाइप करून ई-मेलनं पाठवायचो, तरी तुम्ही प्रत्येकाला पोस्टानंही पाठवायचातच. ई-मेलमध्ये शाईचा वास येत नाही, असं कारण द्यायचात.

काय काय बातम्या असायच्या त्यात! कुठल्या गावच्या ऑर्गनच्या भात्याला वाळवी लागली, कुठे पंख्याची मोटर जळली, कुठे ऑर्गन बंद करून की-बोर्ड आणला. ही शेवटची बातमी तुम्ही काळ्या चौकटीत छापायचात. आणि माझं आवडतं सदर, नळ्यांमध्ये सापडलेल्या वस्तूंचं. पालीची अंडी. खारीनं आणून कोंबलेला कापूस. एका मोठ्या नळीत स्त्रीचा एक सँडल निघाला होता, एकच. तो तिथे कसा पोचला यावर वाचकांनी तर्क पाठवावेत असं तुम्ही जाहीर केलंत. सिस्टरनी पाठवलेला तर्क सगळ्यांत धीट होता, आणि तो छापावा की नाही यावर आपण एक अख्खा रविवार घालवला.

मला प्रश्न पडायचे आणि तुम्हाला त्यांचा कंटाळा नसायचा. उन्हाळ्यात ऑर्गन चढतो आणि मार्गळीत, डिसेंबरच्या गारव्यात, उतरतो, असं का? गरम हवेत सूर पळतो म्हणून. मग त्याच चर्चमधला पियानो का चढत नाही? तो आपल्या तारांच्या तब्येतीने चालतो, त्याचं वेगळं. आणि म्हणूनच प्रार्थनेला लोक आल्यावर जितकी ऊब असते तितक्याच उबेत, पंखे चालू ठेवून ऑर्गन लावायचा. आणि लावताना नळीला हात लावायचा नाही, कारण हाताच्या उष्णतेनं ती क्षणभर खोटं बोलते. सर्वांत मोठ्या लाकडी नळीचा सूर मला ऐकूच येईना, तेव्हा तुम्ही माझा तळवा बाकावर ठेवलात. बाक गुरगुरत होता. कानाच्या खालीसुद्धा सूर असतो हे मला माझ्या तळव्यानं शिकवलं.

एकदा वीज गेली. जनरेटरला वेळ लागला आणि ऑर्गनचा वारा संपत गेला. चालू असलेली सुरावट थकल्या हत्तीसारखी बसत गेली. लोक हसले. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मला म्हणालात, "बघ, उतरतांना सगळे मिळून उतरतात. कोणी मागें राहत नाही."

दर वर्षी डिसेंबरात आपण तो लावायचो. आत तुम्ही, बाहेर पट्ट्यांवर मी. मी एक पट्टी दाबून धरायची, तुम्ही आत त्या नळीच्या डोक्यावरचं पत्र्याचं कडं खालीवर सरकवायचं. लाकडावर एक टकटक म्हणजे पुढची पट्टी. तासन्‌तास बोलणं नाही. सूर ऐकू नकोस, तुम्ही शिकवलंत, दोन सुरांमधली लहर ऐक; ती किती वेगानं हलते ते ऐक. ती लहर मला ऐकू येऊ लागली तो दिवस मी विसरणार नाही. आयुष्यभर पेटी वाजवली, पण सुरांच्या मध्ये काही असतं हे मला पन्नाशीच्या जवळ आल्यावर कळलं. त्याबद्दल मी कधी तुम्हाला धन्यवाद दिले नाहीत. ते आत्ता देतो.

आणि आपलं भांडण. ते तर अर्धवटच राहिलं.

मिरजेत मी ज्यांच्याकडे पेटी शिकलो त्यांनी पेटीचा गंधार कानसून घेतला होता. म्हणायचे, तंबोरा नीट लागला की त्यातून एक गंधार आपोआप उमटतो, कोणी वाजवत नसतानाही, तो खरा. त्याच्यापुढे बाजारातल्या पेटीचा गंधार चढा. माझा कान त्याच गंधारावर वाढला. ऑर्गनवर पांढरी एकचा सा धरला की पांढरी तीन, म्हणजे त्याचा गंधार, मला टोचायची. तुम्हाला मी सांगितलं, तुमचा हा वाद्यांचा राजा गंधार खोटा बोलतो.

तुम्ही चिडला नाहीत. कॉफीच्या स्टॉलवर उभे होतो आपण, तुम्ही टंबलरमधली कॉफी डबऱ्याच्या वाटीत ओतत होतात. "दिलीपा, तुझा तंबोरा एकाच घरीं राहतो," तुम्ही म्हणालात. "ऑर्गनास बारा घरीं जेवायला जावें लागतें. आज या पट्टींत, उद्यां त्या. बारा घरचें जेवायचें तर प्रत्येक घरचें मीठ थोडें कमीजास्त चालवून घ्यावें."

"म्हणजे सगळ्याच घरी थोडं अळणी."

"अळणी नव्हे. मर्यादेंत."

मला हे पटायचं नाही. तुम्हाला माझं पटायचं नाही. तुम्ही पत्रकात माझ्या नावानं एक व्यंगचित्रही काढलंत, एक माणूस ऑर्गनसमोर तंबोरा घेऊन उपोषणाला बसलेला. मला ते लागलं. आज वाटतं, माझ्यासारख्या नवख्याला तुम्ही वाद घालण्याच्या लायकीचा मानत होतात, हीच केवढी गोष्ट होती. तेव्हा मात्र मला जिंकायचं होतं.

त्या शनिवारी, कॅरोलच्या आदल्या दिवशी, सकाळी लावणं संपलं. पत्रकाच्या कोड्यासाठी मला काही सूर रेकॉर्ड करायचे होते, म्हणून चावी माझ्याकडे ठेवून तुम्ही आवडीची गाडी पकडायला गेलात. कोडं मी मनात ठरवलं होतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं. दोन ध्वनिमुद्रणं: एक तुमच्या गंधाराचं, एक माझ्या. वाचकांना विचारायचं, कुठलं गोड? सगळे माझ्या बाजूनं कौल देणार याची मला खात्री होती. मग तुम्हाला दाखवायचं.

पहिलं रेकॉर्डिंग झालं. मग मी दार उघडून आत गेलो आणि सुभेदारातल्या सगळ्या पांढऱ्या तीनच्या नळ्यांची कडी सरकवून त्यांचे सूर किंचित उतरवले. बाहेर येऊन फक्त तीच पलटण उघडली आणि सा-ग-प धरलं. सेतुकाका, काय सुंदर लागलं ते. मिरजेची सकाळ आठवली. मी बराच वेळ नुसता धरून बसलो. मग दुसरं रेकॉर्डिंग केलं आणि नळ्या परत जागेवर न्यायला आत गेलो.

आणि तिथे माझी फजिती झाली. परत न्यायचं म्हणजे तो मला टोचणारा सूर पुन्हा कानानं शोधायचा. माझा कान तिथे थांबायलाच तयार नव्हता. मी कडं सरकवायचो, बाहेर जायचो, ऐकायचो, आणि मला वाटायचं झालं. पंखे मी रेकॉर्डिंगसाठी बंद केले होते. नळ्यांना हात लावत होतो, घामट, गरम हात. जे जे करू नये असं तुम्ही शिकवलं होतं ते सगळं मी एका दुपारी केलं. मुख्य म्हणजे बाकीच्या पलटणींबरोबर एकदाही ताडून पाहिलं नाही. वॉचमन कुलूप लावायला आला आणि मी समाधानानं बाहेर पडलो.

रविवारी सकाळची तमिळ प्रार्थना की-बोर्डवर होते, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. संध्याकाळी कॅरोल. आपण नेहमीसारखे शेवटच्या बाकावर. ऑर्गनवर डॅफ्नी टीचर, शाळेत संगीत शिकवणाऱ्या, तुम्ही लावलेल्या सुरांवर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्या. त्यांनी पहिल्या गाण्याला सगळ्या खुंट्या ओढल्या आणि सुरुवातीलाच पांढरी तीन आली. सुभेदार एक बोलला आणि बाकीच्या पलटणी दुसरं. चर्चभर एक ओरखडा उठला. पुढच्या काही पट्ट्या बऱ्या, मग पुन्हा पांढरी तीन, पुन्हा तेच. डॅफ्नी टीचरनी गाणं न थांबवता एकेक खुंटी आत ढकलली आणि शेवटी एका बारीक बासरीवर सगळं निभावलं. लोक मान वळवून वर बघत होते.

तुम्ही वर बघितलं नाहीत. हातातलं गाण्याचं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलंत.

बाहेर चर्चचे सेक्रेटरी आले. भले गृहस्थ. तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, मिस्टर राव, वय कोणाला सोडतं, मलाही हल्ली फोन ऐकू येत नाही. त्यांना तुम्हाला धीर द्यायचा होता. ते गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात.

"काल मज तें ऐकूं आलें नाही, दिलीपा. येवढी मोठी लहर, आणि ऐकूं आली नाही."

तेव्हा मला सगळं कळलेलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "हवा फार दमट आहे काका, त्यानंही होतं."

असं होत नाही हे तुम्हाला माहीत होतं. मला माहीत होतं. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, की हा पोरगा माझी लाज राखतोय. मी तुमची नव्हतो राखत, सेतुकाका.

याहून वाईट पुढे केलं. तुम्ही म्हणालात, मी आत जात नाही, तू बघ कुठे कुठे चुकलंय. मी सूर मोजायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र घेऊन गेलो आणि पांढऱ्या तीनच्या नळ्या एकेक करून बरोबर जागेवर आणल्या. बाकी सगळा ऑर्गन तुम्ही लावला तसा स्वच्छ होता. एकही नळी हललेली नव्हती. पण तुम्हाला मी जर सांगितलं असतं की एकाच पलटणीतला एकच सूर, तोही गंधार, उतरलेला होता, तर तुम्ही क्षणात ओळखलं असतं. म्हणून आवडीला येऊन मी सांगितलं, "सगळीकडेच थोडं थोडं होतं काका."

ऑफिसात माझं काम दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं आहे. चूक नेमकी कुठे आहे हे सांगितल्याशिवाय माझ्या हाताखालचा माणूस घरी जात नाही. आणि तुम्हाला मी सांगितलं, सगळीकडेच.

तुम्ही मान हलवलीत. सरि, म्हणालात, तुमचं ते तमिळ 'बरं'. आणि त्यानंतर नळीला कधी हात लावला नाहीत.

कानाच्या डॉक्टरकडे गेलात. त्यांनी सांगितलं, या वयात वरचे बारीक सूर थोडे कमी होतातच, काळजीचं काही नाही. तुम्ही त्यातलं पहिलं वाक्य घरी आणलंत. लावायला बंगळूरहून माणूस येऊ लागला. पत्रक चालू राहिलं, पण कानाची कोडी बंद झाली. ती दोन रेकॉर्डिंगं मी कधीच पुसून टाकली होती. मी गंधाराचा वादही पुन्हा काढला नाही. तुम्हाला वाटलं असेल मी दया दाखवतोय.

तुम्ही खचून बसला असतात तर कदाचित मी बोललो असतो, असं मी स्वतःला सांगत आलो. पण तुमचा स्वभाव वेगळाच. तुम्हाला आपल्या कानाबद्दलच कुतूहल वाटू लागलं. पत्रकात लेख लिहायचा होता तुम्हाला, कान म्हातारा होतो तेव्हा कुठला सूर आधी जातो. वरचा? मधला? की सगळेच एकदम, वारा संपल्यासारखे? असं कोणी ऑर्गन लावणाऱ्यानं स्वतःबद्दल लिहिलेलं नाही, म्हणायचात. त्यासाठी माझी मापं हवी होती तुम्हाला.

उन्हाळ्यात मी आवडीला आलो होतो. ओसरीवर बसलो होतो आपण. तुम्ही पुन्हा विचारलंत, "तूं मापलें होतेंस ना सगळें? कुठला सूर किती उतरला होता, तेवढें दे. मी काय लपवणार आहें? लोकांच्या उपयोगीं पडेल."

"बघतो काका, कुठेतरी ठेवलंय."

"कधींपासून बघतोस," तुम्ही हसून म्हणालात. "माझा कान गेला, तुझी आठवण गेली. दोघांचा मिळून एक माणूस होईल."

मी पण हसलो. ते हसणं मला विसरता येत नाही.

त्यानंतर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत. झोपेतच गेलात, फोन मला ऑफिसात आला. मी पोचलो तेव्हा चर्चचे लोक आले होते, डॅफ्नी टीचर आल्या होत्या. ओसरीवर कोणीतरी म्हणत होतं, फार चांगले लावायचे हो, पण शेवटी शेवटी कान गेला होता. डॅफ्नी टीचरनी मान डोलावली. माझ्या समोर तुमची गोष्ट कायमची लिहून होत होती आणि ती खोटी होती. तिच्यात आता बदल करू शकणारा मी एकटा उरलो होतो.

तरी त्या दिवशी बोललो नाही. दिवसकार्य झाल्यावर काकूंना भेटायला गेलो. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, इथे लिहिलं तसंच. शनिवारची दुपार, दमट हवा, सगळीकडेच थोडं थोडं. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मी सांगत होतें त्यांना. मी आंत पुटपुटलें तरी बाहेरून उत्तर यायचें. म्हणें, तुझें ऐकायला कान लागत नाही, सवय लागते. बहिरा माणूस असें बोलतो का रे?"

मी त्यांच्या पायाशी वाकलो. क्षमा मागायला शब्द जुळवत होतो. त्यांनी पाय मागे घेतले.

"मला काय मागतोस? मी कधीं मानलेंच नाही त्यांचा कान गेला म्हणून. ज्यांनी मानलें त्यांना जाऊन सांग." मग म्हणाल्या, "मीही येतें."

रागावल्या होत्या का? असणारच. कॉफी मात्र दिली. ती पिताना त्यांनी विचारलं, तो तुझा गंधार खरंच इतका गोड लागला होता का? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मग त्यांना ऐकवायचा होतास; त्यांना आवडला असता, वरून भांडले असते. त्यांचं खरं आहे. मला ते सुचलंच नाही. तुम्ही आत, मी बाहेर, आणि तो सूर दोघांनी मिळून एकदा ऐकायचा. मी तुम्हाला चोरून हरवायला निघालो होतो.

मागच्या रविवारी सेक्रेटरींनी प्रार्थना संपल्यावर मला दोन मिनिटं दिली. काकू पहिल्या बाकावर बसल्या होत्या, रेशमी पातळ नेसून, त्या चर्चमध्ये पहिल्यांदाच. डॅफ्नी टीचर ऑर्गनपाशीच थांबल्या होत्या. मी आधी इंग्रजीत सांगितलं. राव यांनी लावलेला ऑर्गन त्या दिवशी निर्दोष होता. नळ्या मी हलवल्या, मग खोटं बोललो, आणि ते खोटं तुम्हा सगळ्यांना खरं वाटू दिलं. पुढच्या बाकावरच्या एका आजोबांनी हात वर करून विचारलं, तमिळमध्ये सांगता का. माझी तमिळ भाजीवाल्यापुरती. तरी सांगितलं, अडखळत, शब्द मागून घेत. "नान दान," मीच, मीच, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. पत्रकाच्या वाचकांनाही हेच लिहून पाठवलं आहे. डॅफ्नी टीचर डोळे पुसत होत्या की माझ्यावर रागावल्या होत्या, ते लांबून कळलं नाही. दोन्ही असेल.

मला वाटलं संपलं. पण काकू माझ्याकडे बघत होत्या, आणि मला समजलं की ज्यांच्यासाठी हे सगळं होतं त्यांच्याशी मी अजून बोललोच नव्हतो. म्हणून मी तिथेच उभा राहून मराठीत बोललो. त्या सबंध चर्चमध्ये ते एकट्या काकूंना कळणार होतं.

म्हणालो, "सेतुकाका, एकच सूर उतरला होता, पांढरी तीन, आणि तो मी उतरवला होता. बाकी तुमचं सगळं जिथल्या तिथे होतं. तुम्ही विचारत राहिलात आणि मी सांगितलं नाही. माझं चुकलं. मला क्षमा करा."